दिलीपरावांची पुठ्ठ्याची खिडकी

आमच्या अशोका गार्डनमधल्या गल्लीत दिलीप टेंभेकरांना कॅमेऱ्याशिवाय पाहिलेले लोक असतील, पण ती पुठ्ठ्याची खिडकी जवळ नसताना कुणी पाहिलं नसेल. पोस्टकार्डाएवढा काळा पुठ्ठा, मध्ये कापलेलं आयताकृती भोक आणि त्या भोकावर दोन आडवे, दोन उभे दोरे ताणलेले. म्हणजे नऊ घरं झाली. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला एक सुतळी आणि सुतळीला तीन गाठी. गाठ नाकाशी धरायची, पुठ्ठा डोळ्यासमोर धरायचा आणि त्यातून बघायचं. पहिल्या गाठीला सगळी गल्ली मावायची, तिसऱ्या गाठीला नुसतं समोरच्यांचं फाटक.

दिलीपराव अकोल्याचे. बाविसाव्या वर्षी इथल्या सरकारी कारखान्यात नकाशे काढायच्या नोकरीवर आले ते भोपाळचेच झाले. दिवसभर यंत्रांच्या भागांच्या रेघा मारायच्या आणि रविवारी कॅमेरा घेऊन बाहेर पडायचं, असा त्यांचा जन्म गेला. ती खिडकी त्यांनी ऑफिसातल्याच पुठ्ठ्याची केली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तीच वापरायचे, फक्त दोरे दोनदा बदलले. भाजी घ्यायला उभे राहिले तरी एक डोळा मिटून पुठ्ठा पुढे. ठेलेवाला एकदा म्हणाला, "अंकल, भिंडी लोगे कि भिंडी का फोटो लोगे?" दिलीपराव हसले आणि म्हणाले, पहले फोटो. मग भेंडी घ्यायची विसरून घरी आले. विमलताईंनी त्यांना परत पाठवलं.

विमलताई म्हणजे त्यांची बायको. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत, त्यामुळे त्यांच्याकडची फोडणी मला कळायची आणि माझा जप त्यांना. दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे चार-पाच बायका भजनाला जमायच्या. विमलताई टाळ घेऊन माझ्या अगदी समोर बसायच्या. बावीस वर्षं समोर बसल्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

दिलीपरावांचं फोटोतलं शास्त्र मला त्यांच्याकडूनच थोडं कळलं. त्यांचा मुख्य नियम असा की माणूस कधी मध्ये ठेवायचा नाही. नऊ घरांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायचा, कडेच्या बाजूला, आणि त्याच्यासमोर भरपूर जागा मोकळी सोडायची. वाट असेल, पायऱ्या असतील, तलावाचा काठ असेल, तर ती रेघ नजरेला हाताला धरून त्या माणसापर्यंत नेते. दार, कमान, झाडाची फांदी अशी चौकटीतली चौकट मिळाली तर फारच उत्तम. "माणूस मध्ये आला की चित्र मेलं," असं ते म्हणायचे. एका दिवाळीला मी दारात रांगोळी काढत होते, तर पुठ्ठा डोळ्याला लावून म्हणाले, सुमनवहिनी, डावीकडे सरकवा, जरा हवा राहू दे. मी म्हटलं, अहो दिलीपराव, लक्ष्मीची पावलं आहेत, देव मध्येच बसतो. त्यावर म्हणाले, "म्हणून देवाच्या फोटोकडे कुणी बघत नाही वहिनी. नुसते हात जोडतात."

तेव्हा मी आणि विमलताई, दोघी हसलो होतो.

तर चित्रात कडेला उभं राहायला कुणीतरी लागतं. ते काम विमलताईंचं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून त्या उभ्या राहत आल्या. सांचीच्या स्तूपाला वळसा घालणाऱ्या वाटेवर, भीमबेटकाच्या गुहेच्या तोंडाशी, भोजपूरच्या देवळाच्या प्रचंड दारात, बड्या तलावाच्या घाटावर. बहुतेक पाठमोऱ्या. कारण दिलीपरावांचं म्हणणं असं की चेहरा दिसला की बघणारा चेहऱ्यापाशी अडकतो, पुढे चित्रात शिरत नाही. दगडांच्या राखाडी रंगात उठून दिसावं म्हणून त्यांनीच विमलताईंना लाल साड्या आणल्या होत्या, तीन. विमलताई त्यांना फोटोची साडी म्हणायच्या. प्रवासाला निघताना डबा, पाण्याची बाटली, देवाचा अंगारा आणि फोटोची साडी. पुठ्ठ्याची खिडकीही त्यांच्याच पर्समध्ये असायची, कुंकवाच्या डबीला चिकटून. तिची एक कड कुंकवाने कायमची लाल झाली होती.

त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर अकरा फोटो होते. पाचांना इथल्या छायाचित्र मंडळाची बक्षिसं. सगळ्यांत मोठा घाटाचा होता: पहाटेचं धुकं, एका कोपऱ्यातून खाली उतरत गेलेल्या पायऱ्या आणि अगदी खाली, उजवीकडच्या छेदावर, लाल साडीतली नखाएवढी बाई, पाण्याकडे तोंड करून. आल्यागेल्याने विचारलं की ही कोण, तर विमलताई चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणायच्या, "मी. आमच्या घरातला ठिपका." आणि हसायच्या. रागाने नाही म्हणायच्या. दिलीपराव वाईट माणूस नव्हते हो. चढ असला की तिचा हात धरायचे, गुडघे दुखायला लागल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर पाठीवर नेली असती असे. तिला कधी उणंअधिक बोललेलं भिंतीपलीकडून मला ऐकू आलं नाही.

मागच्या वर्षी माघात विमलताईंचं पोट दुखायला लागलं आणि डोळे पिवळे झाले. कावीळ समजून पंधरा दिवस उसाचा रस पाजला. मग तपासण्या झाल्या. पित्ताशयाचा कॅन्सर, आणि तो यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टरांनी दिलीपरावांना बाहेर बोलावून जे सांगितलं ते विमलताईंनी त्यांच्या चेहऱ्यावरून वाचलं. मला म्हणाल्या, ह्यांना लपवता येत नाही, आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे टाळले, स्वतःचा कसा सांभाळायचा ते कुठून शिकणार.

मी दत्ताच्या देवळात एकशेआठ प्रदक्षिणा बोलले. रोज एक अशा त्या घालत गेले. काय झालं ते पुढे आहेच.

चैत्रातल्या एका दुपारी मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. दिलीपराव औषधांच्या पट्ट्या कापून वारांप्रमाणे लावत बसले होते. विमलताई एकदम म्हणाल्या, "अहो, एकदा माझा फोटो काढा. समोरून. मध्ये बसवून."

"आधार कार्डासारखा?" दिलीपरावांनी वर न बघता विचारलं.

"हो. तसाच. पण तुम्ही काढलेला."

ते काढतो म्हणाले आणि औषधांकडे वळले. मग विमलताईंनी मला त्यामागचं कारण हळू आवाजात सांगितलं. आपल्यात सवाष्ण बाई गेली की पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने पान मांडतात, सवाष्ण जेवू घालतात. पानासमोर तिचा फोटो ठेवतात. विमलताईंना आपण सवाष्ण जाणार हे कळून चुकलं होतं. म्हणाल्या, "सुमन, माझ्या पानासमोर माझी पाठ ठेवतील गं. नातीला वाटेल, आजी रुसून बसलीय."

मी म्हटलं, विमलताई, असं बोलू नये. आणि फोटोचं काय, माझ्या मोबाइलवर आत्ता काढते, हे बघा. त्यांनी माझा तेलकट हात धरून खाली केला. म्हणाल्या, फोटो काय कुणीही काढेल. आमच्या लेकीच्या, सोनालीच्या फोनमध्येही असतील दोन-चार हललेले. ह्यांनी काढायला हवा. एकदा तरी भिंगातून सरळ माझ्याकडे बघायला हवं ना.

म्हणून मी काढला नाही. फोन पदराखाली ठेवून दिला.

दिलीपरावांनी टाळलं असंही म्हणता येणार नाही. त्यांचं म्हणणं, अंगावरचा पिवळेपणा उतरू दे. मग पित्ताच्या नळीत जाळी बसवली आणि खरोखर पंधरा दिवसांसाठी रंग उतरला. विमलताई भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागल्या. पण दिलीपराव म्हणाले, उन्हाळ्याचा उजेड फार कडक, सकाळी सातच्या आत हवा. सकाळी सातला विमलताईंना उलट्या. असं करत अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस आला. दिलीपरावांनी स्वतःच दिवस धरला: उद्या काढूया.

मी सहालाच गेले. त्यांच्या विरळ झालेल्या केसांचा आंबाडा घातला, आतून गंगावन लावलं. लाल साडी नको म्हणाल्या. लग्नातला हिरवा शालू सैल झाला होता, तो मागून पिनांनी आवळला. कुंकू मोठं लावलं, नथ घातली. नथीच्या वजनाने नाक दुखतं म्हणाल्या पण काढू दिली नाही. आणि आरशात बघून हसल्या. फार दिवसांनी हसल्या.

बाहेरच्या खोलीत खिडकी होती तिथे कूलर बसवलेला होता. दिलीपरावांनी पहाटे उठून एकट्याने तो उतरवला, सत्तराव्या वर्षी, कारण उजेड अडत होता. खिडकीशी खुर्ची ठेवली. विमलताईंना आणून बसवलं. समोर कॅमेरा तिकाटीवर लावला आणि डोळा लावला.

मी दाराशी उभी होते. मला वाटलं, आता एक खटका वाजेल आणि झालं.

तो वाजला नाही. त्यांनी डोळा काढला, पदर नीट करायला सांगितलं. परत लावला. परत काढला. खुर्ची थोडी वळवली. मग कॅमेरा दोन पावलं मागे घेतला. रेल्वेची गाडी गेली, घर थरथरलं, ती जाईपर्यंत थांबले. मग आणखी मागे. मग खिशातून ती पुठ्ठ्याची खिडकी काढली आणि तिसऱ्या गाठीने बघितलं, दुसऱ्या गाठीने बघितलं, आणि तसेच मागे सरत सरत माझ्या बाजूने दारातून बाहेर, पार मधल्या खोलीत गेले आणि कॅमेराही तिथेच नेला. कूलर नव्हता, विमलताईंच्या कपाळावर घामाने कुंकू ओघळायला लागलं होतं. मी पुसायला गेले तर आतून आवाज आला, वहिनी, तुम्ही मध्ये येताय.

मग खटके वाजायला लागले. तीस तरी असतील. विमलताई मान ताठ करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, जिथे कॅमेरा असेल असं त्यांना वाटत होतं तिकडे बघत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"अगदी उत्तम," दिलीपराव म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. कॅमेरा घेऊन आले आणि मागच्या पडद्यावर दाखवला. मीही वाकून बघितलं. चित्र खरंच सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. अंधाऱ्या खोलीचं दार, त्या दाराच्या चौकटीत पलीकडची खिडकी, खिडकीत पांढरा शुभ्र उजेड आणि त्या उजेडापुढे, थोडी उजवीकडे, काळी बाई. नाकाच्या कडेवर आणि नथीवर उजेडाची बारीक रेघ. तेवढंच. चेहऱ्याच्या जागी काळं.

विमलताईंनी बराच वेळ बघितलं.

"छान आलीय," त्या म्हणाल्या. "खोली फार छान आलीय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुमन, नथ काढ गं आता."

दिलीपरावांना तेव्हा कळलं. उद्या जवळून घेतो, उद्या नक्की, असं दोनदा म्हणाले. रात्री विमलताईंना ताप भरला. जाळी तुंबली होती. पिवळेपणा आला तो आधीपेक्षा जास्त, मग सूज आली, मग भान जाऊ लागलं. त्यांनी पुन्हा कधी फोटोचा विषय काढला नाही. एकदा दिलीपराव कॅमेरा घेऊन कॉटशी आले होते, तेव्हा त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. ज्येष्ठात, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गेल्या. माझ्या प्रदक्षिणा पूर्ण झाल्या होत्या.

सोनाली, त्यांची मुलगी, पुण्याहून आली. तेराव्याला फोटो हवा म्हणून तिने घर उलथंपालथं केलं. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांमागे खाली घातलेली मान. सोनालीच्या स्वतःच्या लग्नात कुणाच्या तरी फेट्यामागे अर्धा गाल. तिच्या फोनमध्ये व्हिडिओ कॉलवरचे हललेले. आणि संगणकावर दिलीपरावांनी काढलेले, चौदाशेच्या वर, वर्षांप्रमाणे लावलेले. ती एक एक उघडत गेली आणि मी शेजारी बसून बघत होते. वाट, कमान, पायऱ्या, होडी, पाठ. पाठ. पाठ. शेवटी तिने माऊस बाजूला सारला. दिलीपराव मागेच उभे होते.

"बाबा, तुम्ही आईला जन्मभर कडेला उभी केलीत," ती म्हणाली.

ते फ्रेमवाल्याकडे गेले. आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून आणला. फ्रेमवाला म्हणाला होता, अंकलजी, ये फटेगा, साफ नहीं आएगा. तसाच आला. राखाडी, दाणेदार, ओठ मिटलेले, डोळ्यांत भीती. पण समोरून होता आणि बरोबर मध्ये होता.

त्यानंतर वर्षभर दिलीपरावांनी एकच काम केलं. अक्षय्य तृतीयेचा तो काळा फोटो संगणकावर उजळायचा. सकाळी बसायचे ते दुपारी मी ताट नेऊन ठेवलं तरी तिथेच. मला एकदा दाखवलं. म्हणाले, उजेड खिडकीचा धरला मी, तिचा नाही धरला. आता काळ्यातून ओढून काढायचं म्हटलं तरी काळ्यात काहीतरी असावं लागतं. पडद्यावर शालूचा काठ थोडा वर आला होता, आंबाड्याचा आकार आला होता. चेहऱ्याच्या जागी राख सांडल्यासारखे दाणे. ते दाणे त्यांनी इतके मोठे केले की नुसते चौकोन राहिले.

मी त्यांना विचारू नये ते विचारलं. म्हटलं, दिलीपराव, समोरच तर बसल्या होत्या. का गेलात मागे?

ते पडद्याकडेच बघत होते. "डोळा लावला तर आजारी बाई दिसली, वहिनी. हात चालेना. एक पाऊल मागे गेलो तर जरा बरं वाटलं. मग आणखी गेलो." मग म्हणाले, "पार मागे गेल्यावर चित्र दिसायला लागलं."

मी ताट उचलून घरी आले. देवापुढे बसले पण जप झाला नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि यंदाच्या भाद्रपदात पहिली अविधवा नवमी आली. सोनाली आली होती, तिची मुलगी जुईही आली होती. सवाष्ण म्हणून मला बोलावलं. बैठकीत शिरले तर भिंत रिकामी. अकराही फोटो उतरवलेले, त्यांच्या जागी अकरा फिकट चौकोन. दिलीपरावांनी ते माळ्यावर टाकले होते. पुठ्ठ्याची खिडकी देवघराच्या फळीवर, विमलताईंच्या कुंकवाच्या डबीपाशी. दोरे तुटले होते की काढले होते, मी विचारलं नाही.

विमलताईंचं पान मांडलं होतं: खीर, वडे, आमसुलाची चटणी. समोर आधार कार्डाचा तो फोटो, त्याला हार. जुईने विचारलं की आजी अशी घाबरलेली का आहे, तर सोनाली तिला आत घेऊन गेली. मी माझ्या पानावर बसले. पहिला घास घेतला तेव्हा दिलीपराव माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसले. पूर्वी असे कधी समोर बसायचे नाहीत, कोपऱ्यात उभे असायचे. फार वाळले होते.

"वहिनी, एक विचारायचं होतं. विमलला हसताना खळी पडायची ना?"

पडायची म्हटलं. एकाच गालाला.

"कुठल्या?"

आधार कार्डाच्या फोटोत ती हसत नाहीये. व्हिडिओ कॉलवरच्या हललेल्यांत काही कळत नाही. बाकीच्या चौदाशेंत पाठ आहे. हे सगळं ते बघून, शोधून, थकून मग माझ्याकडे आले होते हे मला कळलं. बेचाळीस वर्षांच्या संसारातली गोष्ट ते मला विचारत होते, कारण मी गुरुवारी समोर बसत होते.

"डाव्या," मी लगेच म्हणाले. घासासकट म्हणाले.

त्यांनी मान हलवली. डाव्या, डाव्या, असं स्वतःशी म्हणाले. जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. सोनालीने माझी ओटी भरली, बांगड्या भरायला पैसे दिले, मी आशीर्वाद दिला आणि घरी आले.

दुपारी रोजची वही घेऊन देवघरापुढे बसले. विमलताईंकडे जेवले, खीर चांगली झाली होती, असं लिहिलं. मग डाव्या गालाचं लिहायला घेतलं आणि थांबले. डोळे मिटून विमलताईंना हसताना आणायचा प्रयत्न केला. टाळ आठवला, हातातला चहाचा ट्रे आठवला, अक्षय्य तृतीयेच्या आरशापुढचा आंबाडा आठवला. चेहरा येईना. त्या जागी येत होती ती घाटाच्या पायऱ्यांवरची, पाण्याकडे तोंड केलेली लाल साडी. बावीस वर्षं त्यांच्या बैठकीत बसून तोच फोटो मी बघत आले होते, समोरच्या बाईपेक्षा जास्त.

दिलीपरावांना सांगायला हवं की मला नक्की आठवत नाही. दोन दिवस झाले. भिंतीपलीकडे आता संगणकाचाही आवाज नसतो. मी सांगणार नाही बहुधा.